पिशवी गेली, तरट गेलं

माझी पिशवी काढली तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. गर्भाशय हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला होता, पण आमच्याकडे बायका पिशवीच म्हणतात. "तिची काढली," "हिची काढायचीय," एवढंच बोलतात आणि लगेच भाजीपाल्यावर येतात. काढल्यावर बाईचं पुढं काय होतं, ते कुणी कुणाला सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या गावच्या अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "शालनताई, तुम्ही दहावी शिकलात, तुम्ही लिहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवीन." मी म्हटलं, "सगळं लिहिलं तर तुम्हीच वाचताना अडखळाल." त्या म्हणाल्या, "अडखळेन, पण वाचीन." म्हणून लिहिते आहे. ज्यांना लाज वाटेल त्यांनी खुशाल पान उलटावं. मी लाज पुष्कळ वर्षं वापरून बघितली, तिचा काही उपयोग झाला नाही.

चार दिवस

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, बावड्याजवळ. सासऱ्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, आता ऊस आहे. मेंढरं गेली, पण बिरोबा राहिला. गावातल्या देवळाची पूजा आमच्या घराकडे, आणि सासरे वारल्यावर ती थोरल्या मुलाकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे आली. त्यामुळं इतर घरांत बायका त्या दिवसांत चूल आणि देव टाळून बाकी सगळं करत, तसं आमच्याकडे चालायचं नाही. आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, सगळं कडक होतं. बाई बाहेरची झाली की गोठ्याशेजारच्या पडवीत तरट अंथरायचं आणि त्यावर बसायचं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, कुणाला शिवायचं नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात यायचं.

शिकलेल्या बायका हे वाचून नाक मुरडतील. मीही लग्नानंतर पहिल्यांदा त्या तरटावर बसले तेव्हा रडले होते. गोठ्यातली म्हैस माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं, हिच्यापेक्षा माझी किंमत कमी. पण पुढं पुढं एक गोष्ट लक्षात आली. महिन्यातले तेवढेच चार दिवस माझ्या हाताला काम नसायचं. आणि त्याच चार दिवसांत माझा नवरा माझ्याशी बोलायचा.

एरवी आईसमोर बायकोला हाक मारतानाही त्यांचा चेहरा काहीतरी चोरल्यासारखा व्हायचा. पण मी तरटावर असले की जवळ जाण्याचा प्रश्नच नसे, म्हणून कुणी काही म्हणायचं नाही. ते रानातून यायचे, हातपाय धुवायचे आणि पडवीच्या पायरीवर, माझ्यापासून चार हात लांब, तंबाखू मळत बसायचे. पाण्याची मोटार कशी जळली, कारखान्याच्या यार्डात कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं, पोरांना कुठल्या शाळेत घालायचं, सगळं बोलायचे. ते ज्यांच्या गोष्टी सांगत त्या माणसांच्या मी नकला करायची. एकदा हसता हसता माझा पदर त्यांच्या पायाला लागला, तर उठले, अंघोळ करून आले आणि पुन्हा त्याच पायरीवर बसले.

पाचव्या दिवशी मी ओले केस पाठीवर टाकून घरात शिरले की ते दारातून बघायचे. ते बघणं मला कळायचं. चार दिवस नुसतं बोलून झाल्यावर जवळ येण्यात वेगळीच गोडी असायची. मला ते आवडायचं. बाईला आवडतं हे लिहिताना आत्ताही हात थबकला, पण आवडायचं.

बिघडलं

दोन मुलांनंतर मूल बंद व्हायचं ऑपरेशन करून घेतलं होतं. धाकटा शाळेत जायला लागला आणि माझं बिघडलं. चार दिवसांचे आठ झाले, आठाचे पंधरा. जुन्या लुगड्यांच्या घड्या पुरेनात. विहिरीपासून घरापर्यंत येताना दोनदा खाली बसावं लागायचं. ओठ पांढरे पडले.

आणि ते जवळ आले की आत दुखायचं. कळ मांड्यांत उतरायची. मी कधी "दुखतं" म्हटलं नाही. बाईनं असं म्हणायचं नसतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी ते मला येत होतं. त्याऐवजी मी तरटाचा आसरा घेतला. अंगावरून जायचं थांबलं तरी आणखी दोन दिवस, तीन दिवस बसून राहायची. देवाची पूजा असलेल्या घरात मी खोटं बसत होते, आणि हा माणूस भाबडेपणानं पायरीवर बसून माझ्याशी बोलत होता. या गोष्टीनं पुढं मला फार छळलं.

आत्याबाईंना माझ्या दुखण्याची काळजी नव्हती असं नाही. पण घरात दोन सुना आणि त्यातली एक निम्मा महिना पडवीत. धाकटी जाऊ सुनीता तेव्हा नवी नवरी होती, एकटीनं सगळं ओढून वाकायला लागली. नरसिंहपूरला जाऊन भीमा-नीरेच्या संगमावर सगळ्यांनी मिळून अंघोळ करायची, असं आत्याबाईंच्या मनात होतं. माझ्यामुळं तीनदा ते पुढं ढकललं.

"शालन, हे काय चाललंय गं?" त्या एक दिवस म्हणाल्या. "म्हैन्याचं पंधरा दिस तू तरटावर. आंगात रगत तरी किती ऱ्हायलंय? बारामतीला जाऊन दाखीव एकदा."

बारामतीची डॉक्टरीण

आम्ही दोघं नवरा-बायको एसटीनं गेलो, इंदापूरला गाडी बदलून. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, घाईत होत्या. बाहेर साठेक बायका बसलेल्या.

"पिशवीला गाठी आहेत. रक्त खूप कमी झालंय. काढून टाकलेली बरी."

"कॅन्सर हाय का?" मी विचारलं.

"काढल्यावर तपासायला पाठवू, मग कळेल. बहुतेक नसेल."

"गोळ्यांनी न्हाय का जायाचं?"

त्यांनी माझा कागद बघितला. "दोन मुलं आहेत ना? मग आता पिशवीचं काय काम?"

 खरंच, काय काम? माझ्या ओळखीच्या कुठल्याच बाईनं त्या पिशवीचं दुसरं काही काम सांगितलं नव्हतं. गोळ्यांनी भागलं असतं का, ही शंका मला आजही आहे. आता ती कुणाला विचारून फायदा नाही.

यांनी एकच विचारलं, "जिवाला धोका न्हाय ना?"

"ठेवली तर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर स्टँडजवळ यांनी मला उसाचा रस पाजला. आमच्या घरी उसाचं रान आणि इथं आम्ही विकतचा रस पितोय, म्हणून एरवी मी चेष्टा केली असती. त्या दिवशी मी ग्लास तसाच धरून उभी राहिले, तर यांनी भर रस्त्यात तो माझ्या तोंडाला लावला. मला मरणाची भीती वाटत होती, आणि ती भीती अगदी बारीकसारीक गोष्टींतून येत होती. सुमनच्या, माझ्या लेकीच्या, दोन वेण्या कोण घालणार? आत्याबाई एकच घालतात आणि ती सैल पडते. तेवढ्यावरून मी एसटीत रडले.

दवाखाना

आधी रक्त चढवायला लागलं. यांचा गट जुळला. कारखान्यावरच्या ड्रायव्हर लोकांनी यांना घाबरवून ठेवलं होतं, रक्त दिलं की गड्याची ताकद जाते म्हणून. तरी दिलं. कोपराच्या आत कापूस धरून माझ्या खाटेपाशी आले आणि म्हणाले, "आता तुझ्यात माझं बी रगत हाय. हितनं फुडं भांडलीस तर सोताशीच भांडशील." शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसली. त्या दवाखान्यात मी हसलेली तेवढीच.

ऑपरेशनच्या सकाळी आयाबाईनं माझे खालचे केस काढले, तेही बोलता बोलता, भाजी निवडावी तसे. मंगळसूत्र काढून आत्याबाईंच्या पदरात बांधलं. बांगड्या निघेनात म्हणून त्यांच्यावरून पट्टी गुंडाळली. मग मला आत नेलं.

जाग आली तेव्हा घशाला कोरड होती. पाणी द्यायचं नव्हतं. आत्याबाई ओला कापूस माझ्या ओठांवरून फिरवत होत्या, दर थोड्या वेळानं, सगळा दिवस. शिवायचं नाही म्हणून माझं ताट लांबून सरकवणारे हात ते. ती गोष्ट मी विसरणार नाही, म्हणून पुढचं लिहितानाही मला त्यांच्यावर धड रागावता येत नाही.

पुढचे दिवस सगळे एकसारखे. सकाळी चहाची किटली, मग पट्टी, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. येईल तो एकच विचारायचा, "वारा सरला का?" ऑपरेशननंतर पोटातला वारा मोकळा झाल्याशिवाय खायला देत नाहीत. आयुष्यभर जी गोष्ट लपवायची ती आता परके पुरुष दाराशी उभे राहून विचारत होते. तिसऱ्या दिवशी सरला, तर आत्याबाईंनी सगळ्या वॉर्डाला ओरडून सांगितलं.

एक गोष्ट तेव्हा मला पूर्ण कळली नव्हती. ऑपरेशन झाल्याबरोबर नर्सनं दारात येऊन विचारलं होतं, "शालनचं कोण आहे?" हे पुढं झाले. तिनं ट्रेमध्ये ठेवलेली, काढलेली पिशवी यांना दाखवली. तशी पद्धतच होती, खरोखर काढली हे नातेवाइकांना कळावं म्हणून. मी नंतर यांना विचारलं, "कशी हुती?" हे म्हणाले, "काय न्हाय," आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

सुट्टी मिळायच्या दिवशी हे आले नाहीत. गळिताचा हंगाम होता, उसाचा ट्रॅक्टर कारखान्याच्या यार्डात नंबरला लागला होता. रांग सोडली तर नंबर गेला. मी आतल्या खोलीत टाके काढून घेत होते. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी पुढची सगळी काळजी बाहेर आत्याबाईंना सांगितली. वजन उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, गोळ्या कुठल्या कधी घ्यायच्या. आणखी एक गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, "आजी, हे तुम्ही मुलाला नीट समजावून सांगा." ही गोष्ट मला तीन वर्षांनी कळली.

रिकामी

दीड महिना माहेरी काटेवाडीला राहिले. आईनं डोक्याला तेल लावलं, तूपभात घातला. ती म्हणायची, "सुटलीस बघ." सगळ्याच बायका तसं म्हणतात. गाठी साध्या निघाल्या, कॅन्सर नव्हता. मी सुटलेच होते. तरी दुपारी आई झोपली की पोटावर हात ठेवून बघायची. आत हवा भरली असेल का? दुसरं काही तिथं सरकून आलं असेल का? कुणाला विचारणार?

सासरी परत आले. हे बरे वागले. पाण्याची कळशी उचलू देईनात, बाजारातून डाळिंबं आणली. पण माझ्यापासून लांब झोपायला लागले, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं, टाके ओले आहेत म्हणून. तीन महिने झाले. पाच झाले. माझ्या तोंडावर रंग आला, अंग भरलं. आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला दुखत नव्हतं, रक्ताची भीती नव्हती. मला नवरा हवासा वाटू लागला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात वाटायचा तसा.

बाईनं आपणहून कसं विचारायचं? मी केसांना सुवासिक तेल लावलं. नवीन झंपर शिवला. त्यांनी बघितलंसुद्धा नाही, किंवा बघून मान वळवली. एका दुपारी आत्याबाई नरसिंहपूरला गेल्या होत्या, मुलं शाळेत, सुनीता रानात. हे जेवून हात धूत होते. मी मागं जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. नुसता हात. ते दचकले, तांब्या तिथंच टाकला आणि चप्पल न घालता बाहेर गेले. त्या दिवसापासून रानातल्या मोटारीच्या खोलीत झोपायला लागले. लाइट कधी येते सांगता येत नाही, असं घरात सांगितलं.

ओसरीवरून तांब्या उचलताना मला जे वाटलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, मी आता बाई नाही. याला ते कळलंय. माझ्यातलं जे होतं ते त्या ट्रेमधून गेलं, आणि याला किळस येते. आणि वाटलं, मी तरटावर खोटी बसायची ना, तर घे आता. आता हा कधीच येणार नाही.

मग संशय आला. दुसरी कुणी असेल. एका दुपारी भाकरी न्यायच्या निमित्तानं मी त्या खोलीवर न सांगता गेले. एक वाकळ, एक रेडिओ, तंबाखूची डबी आणि मोटारीचा स्टार्टर. दुसरं काही नाही. केसांची पिन नाही, बांगडीचा तुकडा नाही. मी वाकळीचा वाससुद्धा घेतला. दुसरी बाई असती तर भांडायला कुणीतरी मिळालं असतं. माझ्याशी भांडायला तिथं कुणीच नव्हतं.

तरट

पिशवी गेली तशी माझी पाळी गेली, आणि पाळी गेली तसं तरट गेलं. मी आता कायमची स्वच्छ. देवाचा नैवेद्य मीच करायचा, सणावारी चूल माझ्याकडे, सुनीता बाजूला बसली की तिचं कामही माझ्याकडे. आत्याबाई खूश होत्या. संगमावरची अंघोळही झाली. सगळे मला म्हणायचे, "तुझं बरं झालं बाई." तीन वर्षांत मी एक दिवस बसले नाही. आणि तीन वर्षांत नवऱ्यानं माझ्याशी मोजकं कामापुरतं सोडून काही बोलणं केलं नाही, कारण बोलायची आमची जागाच गेली होती.

एक दिवस मी चुलीपुढं भाकरी थापत होते. पडवीत सुनीता तरटावर बसलेली. पायरीवर तिचा नवरा, माझा दीर, शेंगा फोडत काहीतरी सांगत होता. ती हसत होती. परातीत पीठ होतं आणि माझे हात चालेनात. तव्यावरची भाकरी करपली. आत्याबाई म्हणाल्या, "आगं, ध्यान कुठं हाय?"

दोन दिवसांनी सुनीता न्हाली. तरट झाडून दांडीवर टाकलेलं होतं. मी ते काढलं, पडवीत अंथरलं आणि जाऊन बसले.

"शालन? हे काय?"

"बसलीय."

"बसलीय म्हंजी? तुला काय हुतंय बसायला? डोस्कं फिरलं का तुझं?"

"बसलीय, आत्याबाई. आज माझ्यानं चुलीकडं यायचं न्हाय."

त्या खूप बोलल्या. देवाची थट्टा करतेस म्हणाल्या. मी उठले नाही. मला स्वतःलाही कळत नव्हतं मी काय करतेय, फक्त उठायचं नाही एवढं कळत होतं. सुनीतानं मुकाट्यानं वेगळ्या ताटात जेवण आणून सरकवलं आणि हळूच विचारलं, "आक्का, बरं वाटत न्हाय व्हय?" मी मान हलवली. सुमन शाळेतून आली आणि सवयीनं लांबच उभी राहिली.

उन्हं कलायच्या आत हे रानातून आले. मला बघून अंगणातच थांबले. मला वाटलं, आता निघून जातील. त्यांनी हातपाय धुतले. आणि सवय म्हणावी की काय, पायरीवर येऊन बसले, चार हात लांब. तंबाखूची डबी काढली.

"काय झालं?"

"काय न्हाय."

"परत जायाला लागलं का आंगावरनं?"

"पिशवीच न्हाय तर जाईल कुठनं?"

ते तंबाखू मळत राहिले. मी म्हटलं, "हितं बसल्याबिगर तुमी बोलत न्हाय. म्हणून बसले." एवढं बोलले आणि मग तीन वर्षांचं सगळं बाहेर आलं. मोठ्यानं नाही. "मला बघून तुमाला किळस येती का? आत कायच न्हाय म्हणून नगं झाले का मी?"

त्यांची बोटं थांबली. "किळस?" ते म्हणाले. "येडी हायस का? म्या ती बघितली न्हवं, ताटलीत. एवढी... आन् नुसतं रगत. मला वाटलं, हिच्या आत आता समदी जखमच असंल. त्यात आई म्हनली, तिला आता हात लावू नगंस. हात लावलास तर टाकं उसवतील, जिवाला मुकंल."

"किती दिस म्हनल्या?"

"दिस?" ते माझ्याकडं बघायला लागले. "तसं काय बोलली न्हाय. म्या कसं इचारू आईला? त्या दिशी तू पाठीवर हात ठेवलास... मला माझाच भरवसा वाटंना. म्हणून रानात ग्येलो."

घराच्या दारात आत्याबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला.

मी तिकडं बघून विचारलं, "आत्याबाई, डाक्टरीणबाई काय म्हनल्या हुत्या?"

त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. मग सुपाकडे बघत म्हणाल्या, "तीन म्हैनं. तीन म्हैनं लांब ऱ्हायला सांगा, मग समदं पयल्यासारखं, आसं म्हनली." आणि एकदम चिडून, "आगं, मी काय माझ्या पोराला बायकूजवळ कदी जायाचं त्याचं म्हैनं सांगत बसू व्हय? मला वाटलं त्याचं त्याला कळंल!"

त्या सूप तिथंच ठेवून आत गेल्या. आम्ही दोघं पडवीत. यांच्या तळहातावरची तंबाखू तशीच होती.

पयल्यासारखं

तुम्हाला वाटेल, मग सगळं गोड झालं. नाही झालं.

हे घरात झोपायला आले. पण तीन वर्षांची भीती एका वाक्यानं जात नाही. मी जरा श्वास जोरात घेतला तरी लगेच थांबायचे, "दुखतंय का?" म्हणायचे. खरंच कोरडं वाटायचं, दुखायचं. बारामतीला जाऊन एकटीनं विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी लावायचं औषध दिलं, ते लाज सोडून वापरलं. थोडं बरं झालं. पूर्वीसारखं आत काहीतरी उमलून यायचं ते मात्र पुन्हा तसं आलं नाही. कधी कधी त्याची सावली येते. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मी त्या गेलेल्या तीन वर्षांसाठी रडले आहे. ते तेव्हा नुसते पाठीवरून हात फिरवतात. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवल्यावर ते पळाले होते, आता त्यांचा हात माझ्या पाठीवर.

एक मात्र झालं. अधूनमधून दुपारी मी काम टाकून पडवीत बसते. तरट लागत नाही. ते येऊन पायरीवर बसतात आणि आम्ही बोलतो. आता "दुखतं" हे मला म्हणता येतं.

आत्याबाईंनी त्या दिवसावर कधी चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही. मनात मात्र त्यांना पुष्कळ बोलले.

सुनीता

गेल्या वर्षी सुनीताचं तसंच सुरू झालं. अठ्ठावीस वर्षांची पोर. मी आधी भांडून तिला सहा महिने गोळ्या द्यायला लावल्या. दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं. शेवटी दोन्ही डॉक्टरांनी तेच सांगितलं, काढायची. बारामतीचाच तो दवाखाना, तोच वॉर्ड, खाटांना नवा रंग दिलेला.

सुट्टीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हाक मारली, "सुनीताचं कोण आहे? काळजी काय घ्यायची ते सांगते." दीर उठला आणि नेहमीप्रमाणं आईकडे बघून म्हणाला, "आई, तू जा की. बायकांचं हाय." आणि चहाला निघाला.

मी उठणार होते. भांडायच्या तयारीनंच आले होते. पण माझ्या आधी आत्याबाई उठल्या. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेत. त्यांनी पोराच्या सदऱ्याची बाही धरली.

"न्हाय. तू जा. तिला बी संगं ने. दोघं बसा आन् डाक्टरीण काय म्हणती ते सोताच्या कानानं ऐका. न्हाय कळलं तर इचार. लाजू नगंस."

"आगं पर आई..."

"जा म्हनलं ना. मी न्हाय सांगायची."

सुनीताला धरून तो आत गेला. दार लागलं. आत्याबाई परत बाकावर बसल्या, माझ्याकडे न बघता. मग जरा बाजूला सरकल्या आणि त्यांच्या शेजारी माझ्यापुरती जागा केली.